घर, ओसरी, रस्ता

यास्मिनताई मुलाणी साडेचार वर्षं कंपनीच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या, आणि तेवढ्या काळात त्यांनी मला एकही बातमी दिली नाही. हे मी तक्रार म्हणूनच सांगते आहे. दिल्लीतल्या आर. के. पुरमहून मानेसरला पोचायला आमच्या बसला दीड तास लागायचा, म्हणजे जाऊन-येऊन तीन तास, आणि मी पुण्याची. तीन तासांत कोणाचं प्रमोशन कुठे अडलं एवढं तरी माणसाला कळायला हवं की नको? बरं, बाईंना सगळं माहीत असायचं. कंपनी जपानी मालकीची आणि त्या तिथल्या दुभाषी. वरच्या मजल्यावर बंद दाराआड जे काही ठरायचं, ते त्यांच्याच तोंडून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जायचं. आणि संध्याकाळी या बाई माझ्या शेजारी बसून डबा पुढे करत म्हणायच्या, "भडंग खा. आज तिखट जरा कमी पडलंय."

मी तिथे खरेदी विभागात होते. गाडीच्या दाराची कुलपं बनवणारा कारखाना, त्याच्या तीन लाइनी. माझे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, म्हणून आमचं बिऱ्हाड आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये. यास्मिनताईंचे भाऊही सरकारी नोकरीतच, त्यांच्याकडे त्या लक्ष्मीबाई नगरला राहायच्या आणि तिथून रिक्षाने आमच्या थांब्यावर यायच्या. मूळच्या मिरजेच्या. पंचेचाळिशीच्या, उंच, हाडापेराने मजबूत, आणि कोणाच्याही शेजारी उभ्या न राहणाऱ्या. त्या कायम अर्धं पाऊल मागे. दुभाष्याने असंच उभं राहायचं असतं म्हणे, साहेबाच्या खांद्यामागे, म्हणजे बोलणारी दोन माणसं एकमेकांकडे बघतात आणि मधलं माणूस विसरतात. पण ही सवय कँटीनच्या रांगेतही सुटली नव्हती. माझ्या मुलीच्या वाढदिवसाच्या फोटोत सगळे केकला खेटून उभे आहेत, आणि यास्मिनताई अर्धं पाऊल मागे.

पहिल्याच वर्षी मी एकदा त्यांना सरळ विचारलं होतं की आज दिवसभर वर काय चाललं होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अनघा, तुमच्या घरी सकाळी नळाला पाणी येतं ना? टाकीत किती पाणी आहे ते नळ सांगतो का?"

मी म्हटलं, आमचा नळ सांगतो. पाणी यायच्या आधी दहा मिनिटं असा खडखडतो की अख्खी बिल्डिंग बादल्या घेऊन उठते. त्यावर त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, "सरकारी नळ. त्याला शिस्त नाही."

त्यांची शिस्त मात्र अशी की बघणाऱ्याला धडकी भरावी. मीटिंगमध्ये त्या एका छोट्या वहीत खुणा करत, आणि मीटिंग संपली की ती पानं फाडून, त्यांचे तुकडे स्टीलच्या पेल्यात घालून वर पाणी ओतत. कागद भिजून लगदा झाला की मगच बेसिनपाशी जात. ऑफिसात कागद कापायचं मशीन होतं, पण त्या म्हणत की मशीनमधल्या पट्ट्या चिकाटीचा माणूस जुळवू शकतो, लगद्याचं कोणी काही करू शकत नाही. आणि त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बोललं ते पोचवायचं, न बोललं ते पुरायचं."

यातला पहिला अर्धा भाग आमच्या खन्नासाहेबांना चांगला महागात पडला. खन्नासाहेब एचआरचे प्रमुख. एकदा मोठ्या मीटिंगमध्ये जपानी साहेब ओगावा-सान सुट्ट्यांबद्दल काहीतरी सांगत होते, आणि खन्नासाहेब मान हलवत, हसऱ्या चेहऱ्याने शेजारच्याला हिंदीत पुटपुटले, "इनको क्या पता, दो साल में चले जाएँगे." यास्मिनताईंनी तेवढ्याच हसऱ्या आवाजात ते जपानीत सांगून टाकलं. नंतर खन्नासाहेब तणतणत आले, मैडम, वो थोड़ी ट्रांसलेट करना था. तर या म्हणाल्या, साहेब, मीटिंगमध्ये तोंडातून बाहेर पडलं की ते माझं. त्या दिवसापासून खन्नासाहेब त्यांच्यासमोर पाणी मागतानाही विचार करायचे.

अशी ही बाई शनिवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या कोपऱ्यात गिटार घेऊन बसायची, हे सांगून कोणाला खरं वाटत नाही.

त्यांचे वडील मिरजेत तंबोरे आणि सतारी बनवायचे. मुलीने जपानी शिकायला पुण्याला जावं हे त्यांना चाललं, पण ती नोकरीनिमित्त दोन वर्षं जपानला राहून गिटार घेऊन परत आली, हे नाही चाललं. सतारीचे पडदे सरकवता येतात, गिटारचे घट्ट बसवलेले. "ज्याचे पडदे हलत नाहीत त्याच्यात शिकायचं काय?" असं अब्बा म्हणाले आणि त्यांनी ते वाद्य आठवडाभर हातात धरलं नाही. आठव्या दिवशी मात्र मुलीला न सांगता त्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, काढून घासून बसवली. तेव्हापासून त्या गिटारच्या तारा दाबायला लोण्यासारख्या झाल्या. जपानमध्ये कंपनीच्या वसतिगृहातल्या स्वयंपाकिणीने त्यांना शिकवलं होतं, तिकडची साधी गाणी, तीन-तीन कॉर्डची, म्हणजे तारांवर बोटं ठेवायच्या तीनच जागांची. तीच गाणी त्या आम्हाला शिकवत. कारण आमच्याकडे रिवाज होता की डिसेंबरात वर्षअखेरीच्या कार्यक्रमात, नाहीतर कोणी जपानी साहेब परत जायला निघाला की, कामगारांनी एक जपानी गाणं म्हणायचं. एका वर्षी वसंताचं झालं, एका वर्षी डोंगर चढताना म्हणायचं. साहेब लोक पहिल्या ओळीपासून टाळ्यांचा ठेका धरायचे, आणि आमचे लोक अर्थाचा गंध नसताना जीव तोडून गायचे.

शिकवायची त्यांची पद्धत त्यांची स्वतःची होती. महिनाभर गिटारला हात लावायचा नाही, आधी गायचं. गाणं देवनागरीत लिहून द्यायच्या; म्हणायच्या की जपानीला हा अंगरखा बरोबर बसतो, कुठे शिवण उसवत नाही. आणि कॉर्डची इंग्रजी नावं सांगायच्या नाहीत. त्यांच्या तीन कॉर्डची नावं होती घर, ओसरी आणि रस्ता. गाणं घरातून निघतं, ओसरीवर रेंगाळतं, रस्त्यावर जातं, आणि परत घरी येतं. "रस्त्यावर कितीही फिरा," त्या म्हणायच्या, "पण गाणं घरी आणल्याशिवाय गिटार खाली ठेवायची नाही. रस्त्यावर सोडलेलं गाणं रात्रभर डोक्यात भुणभुणतं." माझी मुलगी दिल्लीतच वाढलेली. तिने एकदा विचारलं, मावशी, ओसरी मतलब? तर यास्मिनताई म्हणाल्या, "घराच्या बाहेर, पण अजून आपलीच." मला इतकं चांगलं सांगता आलं नसतं.

आम्ही सात जण शिकायचो. त्यातली मी म्हणजे नुसती भरती. खरे शिष्य दोघे. एक देवेंदर, जवळच्याच गावातला, पंजा असा की एक तार दाबायला गेला की तीन दबायच्या. त्याच्या गिटारची घोडी यास्मिनताईंनी घरी नेऊन अब्बांसारखी घासून आणली होती. दुसरा तुषार पाटील, जळगावचा, लाइन नंबर तीनचा सुपरवायझर. बायको आणि दोन वर्षांची मुलगी जळगावला, आणि हा मानेसरला एका खोलीत तिघांबरोबर राहायचा. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मुलीला गाणी म्हणून दाखवायचा. यास्मिनताईंना तो ताई म्हणायचा, आणि इतर कोणाला न मिळणारी एक गोष्ट त्याला मिळायची, ती म्हणजे भडंगातले शेंगदाणे.

त्या वर्षी ओगावा-सान परत जाणार होते आणि मुख्य कचेरीतले दोन मोठे साहेब निरोपासाठी येणार होते. नोव्हेंबरच्या एका शनिवारी तुषार फोन नाचवत आला. इंटरनेटवर त्याला एक यादी सापडली होती, गिटार नव्याने शिकणाऱ्यांसाठी सोपी जपानी गाणी. त्यातल्या एकाची चाल त्याने वाजवून दाखवली. तीनच कॉर्ड, संथ, आणि ऐकताक्षणी ओळखीची वाटावी अशी. देवेंदरनेही लगेच धरली. यास्मिनताई मान खाली घालून ऐकत होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "हे नको. दुसरं बघ."

बसमध्ये मी विचारलं, इतकं चांगलं गाणं, का नको? आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी कारण सांगितलं. त्या म्हणाल्या की तिकडे ही चाल दुकानं बंद व्हायच्या वेळी लावतात. गिऱ्हाइकांना कोणी जा म्हणत नाही. ही चाल सुरू होते, आणि माणसं आपोआप पिशव्या उचलून दाराकडे वळतात. लहानपणापासून सगळ्यांच्या कानात बसलेली. मला हसू आवरेना. साहेब निरोपाला येणार आणि आमची मंडळी त्यांना दुकान बंद झाल्याचं गाणं ऐकवणार. यास्मिनताई हसल्या नाहीत. खिडकीबाहेर बघत राहिल्या.

का, ते मला त्या दिवशी कळायला काही मार्ग नव्हता. आज माहीत आहे म्हणून सांगते. वरच्या मजल्यावर तेव्हा ठरत होतं की लाइन नंबर तीन मार्चमध्ये बंद करायची. चाळीस माणसं होती तिच्यावर. नवीन वर्ष उजाडेपर्यंत कोणाला काही कळू द्यायचं नाही, म्हणजे डिसेंबरचं काम नीट पार पडेल, असंही ठरलं होतं. आणि हा प्रत्येक शब्द यास्मिनताईंच्या तोंडून या कानातून त्या कानात गेला होता.

मला दिसायचं ते एवढंच की स्टीलच्या पेल्यातला लगदा वाढला होता. दिवसचे दिवस त्या वर असायच्या. डबा न उघडता परत यायचा. शनिवारी त्या आम्हाला कसलंतरी उड्या मारत म्हणायचं गाणं शिकवत होत्या, आणि शिकवताना एकदाही तुषारकडे बघत नव्हत्या.

कार्यक्रमाला नऊ दिवस उरले असताना तुषार बसमध्ये आमच्या पुढच्या सीटवर येऊन बसला. एका मित्राकडे गुडगावला चालला होता. तो मागे वळून, सीटच्या पाठीवर हनुवटी टेकवून सांगायला लागला. चाकणच्या एका कारखान्याने त्याला बोलावलं होतं. पुढच्या आठवड्यातल्या शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचं होतं, म्हणजे बरोबर कार्यक्रमाच्या दिवशी. तो नाही म्हणणार होता. इथे लाइनीवर त्याला वरची जागा मिळेल असं खन्नासाहेब स्वतः म्हणाले होते. जानेवारीत बायको-मुलीला इकडे आणायचं. बायकोने जळगावच्या शाळेतली नोकरी सोडण्याचा अर्जही लिहून ठेवला होता, फक्त द्यायचा बाकी होता.

"ताई, तुम्हाला काय वाटतं?" त्याने विचारलं. "तीन नंबर लाइन तर पक्की आहे ना?"

मी यास्मिनताईंकडे पाहिलं. त्यांनी डब्याचं झाकण उघडलं आणि परत लावलं. मग म्हणाल्या, "बायकोला विचार. तिची नोकरी आहे."

"ती म्हणते तुम्हाला विचार. म्हणते ताई वर बसतात, त्यांना माहीत असेल."

यास्मिनताईंनी डबा पिशवीत घातला. तुषार थोडा वेळ वाट बघत राहिला, मग ओशाळून पुढे वळला. मला बाईंचा भयंकर राग आला. मुलगा एवढ्या विश्वासाने विचारतो आहे, कर बाबा तुझं चांगलं होईल एवढं म्हणायला काय जातं? तो गुडगावला उतरल्यावर मी तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि साडेचार वर्षांत पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा म्हातारा वाटला. "अनघा, आज माझ्याशी बोलू नकोस," एवढंच म्हणाल्या. मी फुरंगटून तोंड फिरवलं. आज त्याची लाज वाटते.

पुढचे दोन दिवस त्या बसला आल्या नाहीत. शनिवारी आल्या त्या थेट कँटीनमध्ये, गिटार घेऊन. म्हणाल्या, "तुषार, ते तुझं गाणं काढ. तेच बसवू."

सगळे खूश झाले. उड्यांच्या गाण्याला सगळे विटलेच होते. मी त्यांच्या कानाशी जाऊन म्हटलं, अहो पण ते दुकान बंद करायचं? त्या तार जुळवत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "निरोपाला चालतं. सोपं आहे." मला तेव्हाही काही कळलं नाही. खरेदी विभागात मी हुशार समजली जायचे.

त्या आठवड्यात रोज जेवणाच्या सुट्टीत तालीम झाली, आणि यास्मिनताई कधी नव्हत्या इतक्या कडक झाल्या. हळू, अजून हळू, म्हणत. देवेंदरने एका ठिकाणी सवयीने ठेका वाढवला तर त्याच्या मनगटावर हात ठेवून त्यांनी त्याला थांबवलं आणि म्हणाल्या, "भाग मत. वो लोग सुनें, इतना टाइम दे." गाताना शब्द स्पष्ट हवे होते. एका ओळीसाठी तुषारला त्यांनी अकरा वेळा म्हणायला लावलं. तो हसून म्हणाला, "ताई, मला चाकणला नाही, थेट जपानलाच पाठवता काय?" त्यांनी पाठ फिरवली आणि पाणी प्यायला गेल्या.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता कँटीनची टेबलं बाजूला सारून खुर्च्या मांडल्या. पुढच्या रांगेत ओगावा-सान, मुख्य कचेरीतले दोघे, आणि खन्नासाहेब. दोघांतले थोरले साहेब सत्तरीच्या आसपासचे, बारीक, हातात चहाचा कप. यास्मिनताई त्यांच्या खांद्यामागे, अर्धं पाऊल. म्हणजे त्या आमच्यात नव्हत्या. आम्ही सात जण समोर, आमच्यामागे तीन नंबर लाइनीची माणसं, त्या पाळीची जेवढी होती तेवढी. आमचं वाजवून झालं की तुषार बाहेर जाऊन चाकणला फोन करणार होता, नाही सांगायला.

पहिल्या कॉर्डला साहेब लोकांनी सवयीने टाळ्यांसाठी हात वर केले. दुसऱ्या ओळीला ते हात हवेतच थांबले. ओगावा-सानांनी मान खाली घातली. दुसरे पाहुणे शेजारच्याकडे बघायला लागले. थोरल्या साहेबांनी कप खाली ठेवला, तो बशीवर वाजला, आणि ते एकेका चेहऱ्याकडे बघू लागले. आमच्या, आणि आमच्यामागे उभ्या असलेल्यांच्या. आम्ही गातच होतो, हळू, शिकवल्यासारखं. मी यास्मिनताईंकडे पाहिलं. त्या सरळ समोर बघत होत्या, हात पाठीमागे बांधलेले, चेहऱ्यावर काही नाही. मला तेव्हा बसमधली ती दुकानाची गोष्ट आठवली.

शेवटच्या ओळीत आम्ही रस्त्यावर होतो, घरी यायला एक कॉर्ड बाकी होता, आणि थोरले साहेब उठून उभे राहिले. कोणाला काय करावं समजेना. सातही हात थांबले. ते कमरेतून वाकले, आणि वाकलेलेच राहिले, इतका वेळ की देवेंदर घाबरून माझ्याकडे बघायला लागला. मग उभे राहून ते बोलू लागले. त्यांचं एक वाक्य झालं की यास्मिनताईंचं एक वाक्य, त्याच गतीने, त्याच आवाजात.

"आप लोगों को मालूम हो चुका है. फिर भी आपने हमारे लिए गाया."

मागे कोणीतरी विचारलं, क्या मालूम हो चुका है?

"लाइन नंबर तीन मार्च में बंद होगी. यह बात सबसे पहले आपको बतानी चाहिए थी. हमने छिपाई. मुझे शर्म आती है."

खन्नासाहेब ताडकन उठले. "मैडम, ये मत बोलिए. बस इतना ही."

यास्मिनताईंनी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. थोरल्या साहेबांकडे झुकून, शांतपणे, खन्नासाहेबांचं ते वाक्य त्यांनी जपानीत सांगितलं. साहेब खन्नांकडे नुसते बघत राहिले. खन्नासाहेब खाली बसले.

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. आरडाओरडा फारसा झाला नाही; चाळीस घरांचा प्रश्न समोर येतो तेव्हा माणसं आधी गप्पच होतात. तुषार गिटार गळ्यात तशीच ठेवून बाहेर अंगणात गेला. मी काचेतून पाहत होते. फोन त्याने दोन्ही हातांनी धरला होता. मग त्याने हो सांगितलं, चाकणला. आत येऊन त्याने पहिल्यांदा बायकोला फोन केला आणि शाळेचा अर्ज फाडून टाक म्हणाला, आणि मग माझ्यासमोर बसून लहान मुलासारखा रडला.

सोमवारी यास्मिनताईंना वर बोलावलं. तुम्ही कोणाला काही बोललात का, असं पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. त्यांनी नाही सांगितलं, आणि ते खरंच होतं. तुषारला बोलावलं तर त्याने फोनवरची ती यादीच काढून दाखवली, नवशिक्यांसाठी सोपी गाणी. गाणं मी निवडलं, ताई तर आधी नकोच म्हणत होत्या. तेही खरंच. दुकानाची गोष्ट मला माहीत होती, पण मला कोणी विचारलं नाही, आणि न बोललेलं पुरायला मी एव्हाना शिकले होते. चौकशी तिथेच संपली. लाइन मार्चमध्ये बंद झालीच. देवेंदरला आणि आणखी काहींना दुसऱ्या लाइनीवर घेतलं. बाकीच्यांना तीन महिने आधी कळलं म्हणून शोधाशोध करता आली. सगळ्यांचं भलं झालं असं मी म्हणणार नाही.

यास्मिनताईंना कोणी काढलं नाही. जानेवारीअखेर त्यांनी स्वतःच राजीनामा दिला. मी पुष्कळ भांडले. म्हटलं, तुमच्यावर काही शाबीत झालेलं नाही, कशाला जाता? त्या म्हणाल्या की आता वर बसले की साहेब बोलायच्या आधी माझ्याकडे बघतात, आणि त्यांनी बघावं हे बरोबरच आहे. मिरजेला अब्बा थकले होते. त्यांचं दुकान बघायचं, आणि कोणी आलं तर जपानी शिकवायचं, असा बेत होता.

निजामुद्दीनहून दुपारची गाडी. मी अर्धा दिवस रजा टाकून गेले. एसीचं तिकीट सहज मिळत असताना बाईंनी स्लीपरचं काढलं होतं, कारण एसीत खिडकी उघडत नाही. गिटार वरच्या बर्थवर, चादरीत गुंडाळलेली. मी भडंग करून नेलं होतं, त्यांच्याच पद्धतीने. एक घास खाऊन त्या म्हणाल्या, तिखट जरा कमी पडलंय. बोलायला बरंच होतं, पण आम्ही गाडी सुटायच्या वेळेबद्दलच बोलत राहिलो. शेवटी त्यांनीच विषय काढला.

"त्या गाण्याबद्दल तू मला एकदाही विचारलं नाहीस. साडेचार वर्षं रोज विचारायचीस."

मी म्हटलं, विचारून काय उपयोग, नळ काय सांगणार?

त्यांनी भडंगाच्या डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "एक शब्द बोलले नाही, अनघा. अब्बांनाही तेच सांगितलं. पण तुमचा तो सरकारी नळ खडखडतो, ते त्याचं बोलणंच की नाही?"

"खडखडतो म्हणून तर आमच्या बादल्या भरतात," मी म्हणाले.

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालत होते. त्यांनी निरोपाला हात हलवला नाही. डावा हात खिडकीच्या आडव्या गजांवर ठेवला होता, आणि बोटं वेडीवाकडी वाकलेली होती. मला वाटलं, गज घट्ट धरलाय. मग लक्षात आलं की तिसरं बोट खालच्या गजावर आहे, पहिली दोन वरच्या. ती जागा मला माहीत होती. अकरा महिने झटून मला तेवढी एकच नीट जमली होती. त्या दिवशी कँटीनमध्ये आमचा वाजवायचा राहिलेला कॉर्ड. घर.

तेवढं दाखवून त्यांनी हात आत घेतला.